दोन दारांचं खुराडं

चप्पल पायात घालण्याआधी अप्पा ती उचलून दोनदा दगडावर आपटायचे. घरातली आपटायचे, देवळाबाहेरची आपटायचे, आणि एकदा तर चपलेच्या दुकानात खोक्यातून नुकतीच काढलेली नवी जोडीही त्यांनी फरशीवर आपटली. दुकानदार म्हणाला, अप्पा, कोरी हाय. अप्पा म्हणाले, "असू द्या. जागा द्यायची न्हाई."

हे त्यांचं पालुपद होतं. बादली उपडी ठेवायची, अंथरूण झटकून घालायचं, रद्दी साठवायची नाही, भिंतीला फट दिसली की सिमेंट भरायचं. जागा द्यायची न्हाई. तुमच्याही गल्लीत असा एखादा म्हातारा असेल, ज्याच्या सवयीला लोक हसतात. आमच्या गल्लीत मात्र कुणी हसत नसे. ही सवय त्यांना कधी लागली ते सगळ्यांना माहीत होतं.

आमचं धारूर डोंगराच्या कडेला. इथं कुदळ मारली की आधी दगड लागतो आणि दगडाखाली विंचू. काळा मोठा असतो, त्याची भीती वाटते पण तो फारसं काही करत नाही. तांबडा लहान असतो, तो माणूस मारतो. हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

अप्पांचं किराणा दुकान होतं. लिंगायत वाणी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दुकानात हाताशी, सून, चार वर्षांचा नातू आणि तान्ही नात. आमचं आणि त्यांचं परस एकाला एक लागून, मधे नुसती दगडं रचलेली भिंत. मी गावरान कोंबड्या पाळते. हौस म्हणून नाही. अंडी विकते, पिल्लं बचत गटाच्या बायकांना देते. एखादी कोंबडी भिंतीवरून पलीकडे उतरली की अप्पा लांबूनच झाडू आपटत हाकलायचे आणि मला हाक मारायचे, "ताई, तुमचा पाहुणा आलाय, पत्ता चुकला." कोंबडीला हात लावायचे नाहीत. त्यांच्या घरात मांस-मच्छी सोडाच, अंड्याचं टरफलही कधी आलं नव्हतं.

मग तो पावसाळा आला. त्यांच्या परसात बाभळीच्या फाट्यांचा ढीग होता आणि नातू तिथंच अनवाणी खेळायचा. एका दुपारी तो पाय धरून रडत आला. काटा रोजच लागत होता. अप्पांनी त्याला मांडीवर घेतलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि सुई घेऊन तळपायात काटा शोधत बसले. काटा नव्हता. पोराला घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली. तेव्हा कुठे गाडी काढली. अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या वाटेवरच पोर गेलं.

दिवस झाल्यावर सून नातीला घेऊन नांदूरघाटला माहेरी गेली. चार महिने झाले तरी परत आली नाही. मुलगा दोनदा जाऊन आला. शेवटी तिचा भाऊ दुकानात येऊन सांगून गेला, की त्या परसात विंचू आहेत तोवर पोरगी तिथं येणार नाही. अप्पांनी ते ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. काय करायचं ते कळलं, याचं त्यांना बरंच वाटलं असावं, असं मला आज वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीपाशी आले. "ताई," म्हणाले, "कोंबडी इंचू खाती म्हणत्यात. खरं हाय का?"

मी म्हटलं, खरं आहे. दगड उलटला आणि विंचू निघाला तर कोंबडी माणसाआधी तिथं पोचते. नांगी तोडते आणि गिळते.

"तांबडा बी?"

"तांबडाबी."

ते बराच वेळ माझ्या कोंबड्यांकडे बघत उभे राहिले. त्या उकिरडा उकरत होत्या. मी आयुष्यभर कोंबड्या बघत आले, पण कुणी त्यांच्याकडे असं बघितलेलं मला आठवत नाही. सोयरिकीला आलेला बाप मुलाकडे बघतो, तसं.

मग सुरू झालं खुराड्याचं. अप्पांनी परसातल्या शहाबादी फरशीवर खडूनं नकाशा काढला. दुकानातल्या पाटीवर भाव लिहायचा तोच खडू. पहिला नकाशा तेलाच्या रिकाम्या डब्यांचा होता. डबे आडवे करून एकावर एक रचायचे आणि प्रत्येकात एक कोंबडी. मी म्हटलं, अप्पा, चैत्रात त्या पत्र्यात अंडी उकडून निघतील. ते म्हणाले, "मंग तुमचं तर सरपण वाचंल." नातू गेल्यापासून त्यांच्या तोंडून आलेली ती पहिली चेष्टा. मी हसले नाही. हसले असते तर तेही ओशाळले असते. नुसतं म्हटलं, पुसा ते.

त्यांनी पुसलं. दुसरा नकाशा दुकानातल्या जुन्या लाकडी कपाटाचा होता. मुलानं दुकानात लोखंडी मांडण्या आणल्यापासून ते कपाट माळ्यावर पडून होतं. लहान लहान खण, प्रत्येकावर पितळी पट्टी, पट्टीवर नाव: जिरे, धने, खोबरे, मिरे. त्या खणांत कोंबड्या अंडी घालणार. लाकूड, म्हणजे तापणार नाही. मला पटलं. मग छपराचा वाद झाला. मी म्हटलं, पत्र्यावर तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, अंथरा, गारवा राहील. सगळे अंथरतात. अप्पांचा चेहराच बदलला. "तुराट्यात इंचू बसतो, ताई." बरं, ओलं पोतं टाका. "पोत्यात बी बसतो." शेवटी पत्र्याला वरून पांढरा चुना फासायचं ठरलं. चुन्यात लपायला जागा नसते.

चारी पाय लोखंडी, आणि प्रत्येक पाय पाणी भरलेल्या डब्यात, म्हणजे खालून काही चढणार नाही. जाळी इतकी बारीक की मुंगसाचं नाक शिरणार नाही. मी सांगत होते, ते खडूनं काढत होते. एकच गोष्ट त्यांनी माझं न ऐकता केली. कोंबड्यांना बसायला आडवी काठी लागते, तर त्यांनी दुकानातल्या जुन्या तराजूची दांडी साखळीसकट टांगली. चांगली मजबूत आहे म्हणाले. पहिल्याच संध्याकाळी एका टोकाला कोंबडी बसली, दांडी कलली, ती खाली आली. दुसऱ्या टोकाला दुसरी बसली, पहिलीला चढता येईना. सगळं खुराडं कलकलाटानं भरलं. अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वजनं सारखी न्हाईत तुमच्या कोंबड्याची." मग दुसऱ्या दिवशी बाभळीची जाड काठी आली, साल सोलून, गाठी तासून.

पण हे फार पुढचं. त्याआधी एक मोठा अडसर होता, आणि तो मुलाचा. नकाशा बघून तो परसातच उभा राहिला. म्हणाला, "अप्पा, गळ्यात लिंग हाय तुमच्या. आपल्या घरात कोंबड्या? माझा सासरा पाणी तरी पिईल का हितं?"

त्याचं चूक नव्हतं. कोंबड्या आणल्या नाहीत तर विंचू राहणार, म्हणून सून येणार नाही. कोंबड्या आणल्या तर घर बाटलं म्हणून तिच्या माहेरचे येऊ देणार नाहीत. अप्पा दोन दिवस फरशीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो नकाशा पुसला आणि नवा काढला. खुराडं आता त्यांच्या परसात नव्हतं, माझ्याही नव्हतं. ते भिंतीत होतं.

भिंत पाडायची आणि तिच्या जागी खुराडं उभं करायचं. त्याला दोन दारं. सकाळचं दार अप्पांच्या परसात उघडणार. कोंबड्या दिवसभर तिथं उकरणार. संध्याकाळी त्याच दारानं आत येणार. दुसरं दार माझ्या परसात. दाणा-पाणी, झाडलोट सगळं तिकडून. खणांची तळफळी माझ्या बाजूला उतरती, म्हणजे अंडं पडलं की घरंगळत माझ्याकडे येणार. अप्पांच्या बाजूला अंडं दिसणारसुद्धा नाही.

"कोंबड्या तुमच्या," ते मला म्हणाले. "खुराडं माझं. इंचू माझे. अंडी तुमची."

मुलगा म्हणाला, हे म्हणजे देवालाच फसवणं झालं. अप्पा म्हणाले, "शेजाऱ्याची गाय आंगणात चरून गेली तर ती तुझी होती का?" मलाही गल्लीतल्या एका बाईनं डोळे बारीक करून विचारलं, की अप्पा आता अंडी खातात का. मी म्हटलं, तुमच्या घरी विंचू निघाला की सांगा, कोंबड्या पाठवते.

भिंत पाडायला दिवाळीनंतरचा मुहूर्त निघाला, आणि दिवाळीनंतर आमच्याकडे माणूस मिळत नाही. सगळे ऊसतोडीला गेलेले असतात. शेवटी अप्पा, त्यांचा मुलगा आणि आमचे हे, असे तिघे पहारी घेऊन उभे राहिले. मी कोंबड्या सोडल्या.

ती भिंत किती जुनी होती कुणास ठाऊक. प्रत्येक दगडाखाली काही ना काही होतं. गोम, पाल, उंदराची पिल्लं, आणि विंचू. कोंबड्या वेड्या झाल्या होत्या. दगड हलायच्या आधीच माना पुढे. आमचे हे म्हणाले, जत्राच भरली. मुलगाही हसला. मी अप्पांकडे बघितलं तेव्हा माझं हसू गेलं.

विंचू निघाला की ते वाकून बघायचे. तांबडा असला तर फार जवळून बघायचे. मग म्हणायचे, "ह्यो न्हाई." आणि सरळ उभे राहायचे. तेवढ्यात कोंबडी तो उचलायची. पुढचा दगड. "ह्यो बी न्हाई."

मुलाची पहार थांबली. तो म्हणाला, "अप्पा, त्याला कसं वळखणार तुमी?"

"दिसल्यावर कळंल," अप्पा म्हणाले.

दिवस मावळेपर्यंत पहारी चालल्या. भिंत संपली. तो विंचू, अप्पांना हवा होता तो, निघाला नाही. निघणार तरी कसा?

खुराडं उभं राहिलं आणि खरंच देखणं झालं. गटाच्या बायका बघायला यायच्या. जिऱ्याच्या खणात कोण बसतं, मिऱ्याच्या खणात कोण, यावरून हसायच्या. एक काळी कोंबडी मात्र कायम खोबऱ्यातच बसायची, आणि तिथं दुसरी बसलेली दिसली की उभी राहून ओरडायची. अप्पा म्हणायचे, "जुनं गिऱ्हाईक हाय." सकाळी सुतळी ओढून ते दार वर घ्यायचे आणि कोंबड्या बाहेर पडल्या की त्यांच्यामागून परसभर फिरायचे. स्वतः दगड उलटून द्यायचे. महाशिवरात्रीपर्यंत त्या परसात उलटायला दगडच उरला नाही. फाट्यांचा ढीग गेला. घरात, पायऱ्यांना, चौकटीला कुठं फट राहिली नाही. कित्येक दिवस कोंबड्यांना किड्यामुंगीखेरीज काही सापडलं नव्हतं.

मग त्यांनी नांदूरघाटला निरोप धाडला. येऊन बघून जा.

सून भावाबरोबर आली. नातीला आणलं नव्हतं. भाऊ दुकानातच बसला, ती एकटी परसात आली. मी माझ्या बाजूला अंडी गोळा करत होते. मधे भिंत नव्हती, नुसती जाळी आणि खण. मी आहे हे तिला दिसत होतं. तिनं मला मान हलवून ओळख दिली.

अप्पांनी तिला सगळं दाखवलं. सुतळी ओढून दार दाखवलं. पाण्यातले पाय दाखवले. फरशीचे सांधे दाखवले. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की ते जसे उत्साहानं बोलायचे, तसं बोलत होते. घरात कोंबडीचं पाऊलसुद्धा पडत नाही, हे दोनदा सांगितलं. अंडी तिकडं, हेही सांगितलं. "हे बघ," म्हणाले, "कुठंच जागा ठेवली न्हाई."

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. धन्याच्या खणावरची पट्टी बोटानं पुसली. मग म्हणाली, "लई चांगलं केलंय अप्पा. इंचू गेले असतील."

"गेले की. मंग कधी आणती पोरीला?"

"इंचवाचं ते दादानं सांगितलं. दुसरं काय सांगणार होता तो." ती आवाज न चढवता बोलत होती. "मला इंचवाचं भ्या न्हाई. इंचू नांदूरघाटला बी हायत. त्या दिवशी मी म्हणत होते, लेकरू गार पडलंय, दवाखान्यात न्या. तुमी म्हणलाव, दम धर, काटा निघतोय. मी तीनदा म्हणले. तुमी सुई सोडली न्हाई."

अप्पा सुतळीची गाठ नीट करायला लागले.

"तुमी हितं हाव तवर माझी पोरगी हितं ठेवायला माझं मन धजत न्हाई," ती म्हणाली. मग वाकून त्यांच्या पाया पडली. सून म्हणून पडायचं तशी. आणि दुकानातून निघून गेली.

मी अंडी घेऊन आत आले. समजूत काढायला गेले नाही. कशाची समजूत काढणार? ती खोटं बोलली नव्हती. तिनं तीनदा म्हटलेलं आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या मुलालाही नाही. तो त्या दुपारी माल आणायला बाहेरगावी होता. अप्पांना मात्र माहीत होतं. भिंत पाडताना, नकाशा काढताना, खडू झिजवताना, सगळा वेळ माहीत होतं.

दोन दिवस खुराड्याचं पलीकडचं दार उघडलं नाही. कोंबड्या आत चोची आपटत होत्या. तिसऱ्या दिवशी मी हाक मारली, "अप्पा, कोंबड्या खोळंबल्यात." ते आले आणि सुतळी ओढली. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडून विंचवाचं नाव ऐकलं नाही.

पंधरवड्यानं त्यांनी मुलाला केजला पाठवलं. तिथं एका नातेवाइकाच्या दुकानात बस, जवळच खोली घे आणि बायको-पोरीला घेऊन राहा. मुलगा तयार नव्हता. तुम्हाला कोण बघणार, म्हणून परसातच त्यांच्याशी भांडला. अप्पा म्हणाले, "मला कोंबड्या बघत्यात. तू जा. पोरीला बाप पाहिजे." तो गेला. सूनही केजला आली. नातीचं पहिलं पाऊल त्या खोलीत पडलं, हे अप्पांना मुलानं फोनवर सांगितलं. त्यांनी मला सांगितलं ते असं: "चालाय लागली म्हणं." आणि कोंबड्यांना हाकलत पलीकडे गेले.

सणासुदीला मुलगा एकटा यायचा. अप्पा एकदाही केजला गेले नाहीत. मी एकदा विचारलं, का जात नाही. म्हणाले, "मी गेलो तर ती तिथून बी उठंल." त्यात राग नव्हता. दुकानात संपलेल्या मालाबद्दल सांगावं, तसं सांगितलं.

दुकान ते अर्धा दिवस उघडायचे. उरलेला वेळ परसात. खुराड्यात सुधारणा चालूच असायची. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून पन्हळ लावली. म्हाताऱ्या कोंबडीला चढता येईना म्हणून उतरती फळी केली, तिच्यावर पाय घसरू नयेत म्हणून आडव्या पट्ट्या ठोकल्या. मी म्हटलं, एवढं कुणी माणसासाठी करत नाही. म्हणाले, "माणसाला सांगाय येतं, ताई. ह्यांना न्हाई येत." आणि हातोडी हातात धरून एकदम थांबले. आम्ही दोघंही दुसरीकडे बघायला लागलो.

पुढच्या वैशाखात ते गेले. सकाळी कोंबड्या बाहेर होत्या, म्हणजे दार उघडून झालं होतं. अप्पा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मी दोनदा हाक मारली आणि मग जाळीला वळसा घालून गेले. अंग अजून गार पडलं नव्हतं. डॉक्टर आले, त्यांनी हृदय म्हणून सांगितलं. मुलगा दुपारपर्यंत पोचला.

त्यांच्यात बसवून पुरतात. आमचे हे गेले होते, त्यांनी येऊन सांगितलं, की खड्डा खणून झाल्यावर मुलगा आधी स्वतः आत उतरला आणि चारी कोपरे हातानं चाचपले. लोक खोळंबले होते. कुणीतरी म्हणालं, आता आवर. त्यानं आवरलं नाही. कोपऱ्यातला एक सैल दगड काढून वर फेकला, तिथली माती दाबून बसवली, मग वर आला.

दुकान होतं, घर होतं. केजला दुसऱ्याच्या दुकानात किती दिवस काढणार? दिवस झाल्यावर मुलानं बिऱ्हाड परत आणलं. सून आली, नात आली. सामान उतरवताना सुनेनं मला विचारलं, काकू, पाणी कधी येतं. मी सांगितलं. खुराड्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही नाही. मनाशी ठरवलं होतं, की तिला नको असेल तर पलीकडचं दार बुजवून टाकायचं, विटाही बघून ठेवल्या होत्या. माझ्या बाजूनं कोंबड्यांची सोय होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाणे घेऊन गेले तर ती पलीकडे उभी होती. नात कडेवर. खाली उतरायला पोरगी अंग वेळावत होती, पाय झाडत होती. तिनं तिला घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं सुतळी ओढली. कोंबड्या फळीवरून एकामागे एक उतरल्या. त्या कुंपणाकडे गेल्या, न्हाणीकडे गेल्या, पायरीखाली गेल्या, जिथं एके काळी फाट्यांचा ढीग होता तिथंही उकरून आल्या. ती जागची हलली नाही. पोरगी रडायला लागली तरी नाही. कोंबड्यांची सगळ्या परसातून एक फेरी पुरी झाली.

मग तिनं पोरीला खाली सोडलं.